वगैरे

इतवारीत, किराणा ओळीच्या पाठीमागे,
आमच्या सहकारी बँकेच्या दुसऱ्या मजल्यावर
एका खोलीत फक्त मशीनसाठी एसी आहे.
मे महिन्यात सगळा स्टाफ काही ना काही कारण काढून
तिथे येऊन उभा राहतो.
पराते साहेब कुणाला हाकलत नसत.
"थांब ना बाप्पा, पण वायरवर पाय नको देऊ."

मला त्यांनी पहिल्या दिवशी उलटं झाड दाखवलं,
मूळ वर.
"हा तिरका डंडा, हे आपलं झिरो माइल.
बिनमध्ये हत्यारं. होममध्ये ज्याचा त्याचा पसारा.
व्हारमध्ये रोजचं साचते, ते वेळेवर झाडायचं.
आणि हे ईटीसी."
म्हणजे?
"म्हणजे वगैरे."

मी हसले.
या मशीनचं नाव काय, कुणाला दार उघडायचं,
कुणाला नाही,
रात्री किती वाजता कोणतं काम आपोआप उठायचं,
एवढं सगळं शहाणपण ज्या कप्प्यात
त्याचं नाव वगैरे?
"जे कुठंच बसलं नाही ते इथं टाकलं म्हणे.
मग तेच घर झालं.
आमची गोळीबार चौकातली गल्ली अशीच वसली."

आता श्रेयांश लांजेवार आलाय, चोवीस वर्षांचा.
म्हणतो, ज्याचं त्याच्याजवळ ठेवा ना मॅडम,
प्रोग्राम जिथे, सेटिंग तिथे,
काढायचा तर मुळासकट निघतो.
चूक नाही त्याचं.
मीही ठेवून पाहिलं तसं,
आणि एक अख्खा रविवार शोधत बसले
एक पोर्ट नंबर.
निघाला कुणाच्या तरी होममध्ये,
ठिपक्याने सुरू होणाऱ्या, न दिसणाऱ्या फोल्डरात.

पराते साहेबांच्या घरी मीटरजवळ एक खिळा होता.
गच्चीची, गोदरेजची, मागाच्या शेडची, लुनाची,
सगळ्या चाव्या त्यावर.
कुलपं कुठेही असोत.

मागच्या एकोणीस मेला, सत्तेचाळीस अंशात,
लाइट गेली, जनरेटर खोकून बंद पडला,
लाइट आली तेव्हा डिस्क आली नाही.
खातेदारांचे आकडे दुसऱ्या मशीनवर सुखरूप होते,
पण तिच्याशी बोलायचं कसं, हे कोऱ्या डिस्कला कोण सांगणार.
श्रेयांशच्या ओठांना कोरड.
प्रोग्राम पुन्हा उतरवले, ते कुठेही मिळतात.
वगैरे मिळत नाही.
ते माझ्या पर्समध्ये होतं, किल्ल्यांच्या जुडग्यात,
पेन ड्राइव्हवर, शुक्रवारपर्यंतचं.
(ऑडिटरला सांगू नका.)
सगळं मिळून एका लग्नाच्या फोटोएवढंही नाही.

परत ठेवताना एक फाइल उघडली.
हॅशने सुरू होणारी ओळ मशीन वाचत नाही,
ओलांडून पुढे जातं.
रोमन अक्षरांत मराठी,
तेव्हा आमच्या पडद्यावर देवनागरी उमटत नसे:

# हा आकडा साठ ठेवला. तीस केला की कामठी शाखा तुटते.
# काहून तुटते मले समजलं नाही. समजलं तर खाली लिहा.
# पु. पराते, २००४

खाली कुणी लिहिलं नव्हतं.
कामठी शाखा बंद होऊन सहा वर्षं झाली.
आकडा साठच आहे.

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आभार मानलेत
अध्यक्षांचे, संचालकांचे, शाखाधिकाऱ्यांचे,
मंडपवाल्यांचे, आणि संगणक विभाग वगैरेंचे.
ते पान त्यांनी मला दाखवलं होतं, बोट ठेवून.
"पाह्य, बरोबर जागी ठेवलं मले."

श्रेयांश विचारतो, काढून टाकू का मॅडम ही ओळ?
मी काही बोलत नाही.
तो वाचतो, पुन्हा वाचतो,
कर्सर खाली नेतो, हॅश देतो,
आणि या वेळी देवनागरीत:

# मलाही नाही समजलं. श्रे. लांजेवार